खंदक, पाट आणि गळ

पारोळ्याच्या किल्ल्याविषयी लिहिताना झाशीच्या नेवाळकर घराण्याचा उल्लेख टाळता येत नाही. आम्हांस मात्र त्या किल्ल्याचा खंदक अधिक बोलका वाटत आला आहे. १७२७ साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी हा भुईकोट बांधविला. खंदक संरक्षणासाठी होता, म्हणून त्याची निगा हे सत्तेचे काम होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि खंदकाला वाली उरला नाही. (मालक कागदोपत्री असतोच, वाली ही निराळी गोष्ट आहे.)

पाण्याला वाली कसा लाभतो, याचे उत्तर खानदेशातच, पांझरेच्या काठी सापडते. तेथील फड पद्धत काही शतकांची जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका फडात एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला धान्यात. हंगामापूर्वी घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला जाई. पाणी कमी पडले तर भिजणारे क्षेत्रच आखडते घेत, म्हणजे थोडे का होईना, प्रत्येकाच्या वाट्याला येई. येथे जलप्रेमाचा उपदेश कोणी केल्याचे दिसत नाही. वाटा होता, म्हणून राखण होती. पुढे विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला धरणे झाली. पाटावाचून भागू लागले आणि फड विरळ झाले.

नगरवासीयांचा नदीत असा कोणता वाटा? शेत नाही, पाणी नळाने येते. अमेरिकेने याचे एक उत्तर गळात शोधले. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या हौशी साहित्यावरील कर मत्स्यसंवर्धनाकडे वळविला. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन तळ्यावर जाणारा बाप नकळत त्या तळ्याचा भागीदार झाला. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण पवईचे. १८९१ साली पिण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि पुढे हौशी गळवाल्यांची संघटना तेथील माशांची काळजी वाहू लागली. हौस ही चैन आहे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. भोयांचे जाळे पोटासाठी असते, हेही खरे. पण पाण्यात मासा जगावा, एवढी गरज दोघांचीही सारखीच.

कायद्याने ही गरज कशी वाचली, हे साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात विष कालविणे गुन्हा ठरविले, परंतु मासे पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने. सारा अर्थ त्या ‘हेतू’वर तोललेला आहे. बोरीत विष कालविणारा त्यात सापडेल. गावाचे सांडपाणी मात्र कोणी मासे मारण्याच्या हेतूने सोडत नाही.