शब्बाथशाळेची वाटचाल : बालापासून ऐझॉलपर्यंत

वेल्श भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र १५८८ साली छापून निघाले. विल्यम मॉर्गन यांचे हे भाषांतर चर्चमध्ये नेमाने वाचले जाई; पण ते स्वतः वाचू शकणारी माणसे खेड्यापाड्यांत पुढेही दीर्घकाळ मोजकीच होती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न लॅनडाउरॉरचे धर्मगुरू ग्रिफिथ जोन्स यांनी १७३१ च्या सुमारास केला. शेतीची कामे थंडावली की त्यांचा शिक्षक गावात येई, सुमारे तीन महिने शिकवी आणि पुढच्या गावी जाई. दिवसा मुले शिकत, तर रात्री कामावरून परतलेले स्त्री-पुरुष. १७६१ मध्ये जोन्स यांचे निधन झाले, तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. त्यानंतर मॅडम ब्रिजेट बेव्हन यांनी १७७९ पर्यंत हे काम सांभाळले. त्यांनी शाळांसाठी मागे ठेवलेला पैसा मात्र मृत्युपत्राच्या वादात अडकला आणि फिरत्या शाळा ओसरल्या.

१७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे वृत्तपत्रचालक रॉबर्ट राइक्स यांनी आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा, म्हणजेच शब्बाथशाळा, काढली. इंग्लंडमध्ये ही चळवळ मुख्यतः मुलांची राहिली. नॉटिंगहॅमला विल्यम सिंगलटन आणि सॅम्युअल फॉक्स यांनी १७९८ मध्ये कारखान्यांतील तरुण स्त्रियांसाठी शाळा सुरू केली, ती अपवादच.

वेल्समध्ये चित्र पालटले ते बाला गावच्या थॉमस चार्ल्स यांच्यामुळे. १७८५ पासून त्यांनी फिरत्या शाळा पुन्हा उभ्या केल्या आणि लवकरच रविवारच्या शाळांवर भर दिला. पत्नी सॅली यांच्या दुकानावर घर चाले, म्हणून चार्ल्स यांना गावोगाव फिरता आले. विरोधही झाला. रविवारी अक्षरे शिकवणे म्हणजे शब्बाथ मोडणे, असे अनेकांचे मत होते. प्रौढांना मुलांशेजारी बसून मुळाक्षरे गिरवण्याचा संकोच वाटे. त्यावर उपाय म्हणून १८११ मध्ये चार्ल्स यांनी खास प्रौढांसाठी शाळा काढली. ग्रंथांचाही तुटवडा होता. १८०० मध्ये मेरी जोन्स ही पंधरा वर्षांची मुलगी सुमारे चाळीस किलोमीटर चालत बायबल घ्यायला बालाला आली. १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली, तीत चार्ल्स यांचा मोठा वाटा होता. त्यांची प्रश्नोत्तरावली आणि शास्त्राचा शब्दकोश शिक्षकांच्या हाती आला.

वेल्श शाळेची खरी ताकद तिच्या रीतीत होती. वर्ग लहान असत आणि शिक्षक विनावेतन शिकवत. एकेक वचन आळीपाळीने वाचायचे, त्याच्या अर्थावर प्रश्न विचारायचे, उत्तराला शास्त्रातूनच आधार द्यायचा. ठरावीक काळाने अख्खी शाळा मंडळीसमोर उभी राही आणि पाठ केलेल्या अध्यायावर तिची तोंडी परीक्षा होई. उपदेश ऐकून माणूस घरी जाई. इथे त्याला उत्तर द्यावे लागे. त्यामुळे शेतमजूर, खाणकामगार आणि गृहिणी यांचे शास्त्रज्ञान वरवरचे राहिले नाही. वेल्श शिक्षणावर कठोर टीका करणाऱ्या १८४७ च्या सरकारी अहवालालाही या शाळांचे कार्य मान्य करावे लागले. पुढे दिवसशाळांत इंग्रजीचा वरचष्मा झाला, तेव्हा मातृभाषेतून वाचन-चर्चा याच शाळांनी टिकवली.

विसाव्या शतकात वेल्समधील उपस्थिती घटत गेली. पण रोपटे दूरवर लागले होते. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये ईशान्य भारतातील खासी टेकड्यांत पोहोचले, तर डी. ई. जोन्स १८९७ मध्ये आजच्या मिझोराममधील ऐझॉलला. त्याआधी, १८९४ मध्ये आलेल्या लॉरेन आणि सॅविज या मिशनऱ्यांनी मिझो भाषेसाठी रोमन लिपी बसवली होती. त्या पायावर वाचन आणि शास्त्राभ्यास बरोबरीने वाढले. संपूर्ण मिझो बायबल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. मिझोराममध्ये आजही प्रौढांची रविवारची शाळा भरते आणि तिच्यासाठी स्वतंत्र पाठपुस्तक निघते. आजी-आजोबाही तिथे विद्यार्थीच असतात.

महाराष्ट्रातील मंडळ्यांनाही शब्बाथशाळा नवी नाही. जिथे ती मुलांपुरती उरली आहे, तिथे प्रौढांचा एक वर्ग पुन्हा सुरू व्हावा. त्यासाठी एक शिक्षक, सहा-सात माणसे आणि रविवारचा एक तास पुरेसा आहे.