बार्शी लाईट, पाच टन आणि पंचेचाळीस ग्रॅम

रेल्वेची मॉडेल्स जमवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "किती पैसे घातलेस यात?" आणि "लहान मुलांचं खेळणं ना हे?" पहिल्याचं उत्तर घरच्यांसमोर देता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते सोलापूर जिल्ह्यातून जातं, म्हणून हा लेखप्रपंच.

मी सोलापूरचा. आमच्याकडे 'छोटी गाडी' म्हटलं की ती एकच, बार्शी लाईट. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि पंढरपूरला किंवा बार्शी-लातूरला जायला या गाडीत बसायचं. माझ्या पिढीला तिचा अगदी शेवटचा काळच मिळाला. २००८ मध्ये लातूरची लाईन पूर्ण ब्रॉडगेज झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यामुळे आठवणींवर मी फार बोलणार नाही. आठवणी सांगायला आमच्या आधीच्या दोन पिढ्या बसल्यात, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत कुणीतरी चालत्या गाडीतून उतरून पेरू तोडून परत गाडीत चढलेला असतोच! मला बोलायचंय ते इंजिनाबद्दल.

जीआयपी रेल्वेची मुंबईहून येणारी लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पण बार्शीला तिने बाजूला टाकलं. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि सगळ्यात जवळचं स्टेशन एकवीस मैलांवर. त्या स्टेशनाचं नावच 'बार्शी रोड' होतं, म्हणजे 'इथे उतरा आणि पुढे बार्शीचं तुमचं तुम्ही बघा'. हेच आजचं कुर्डुवाडी. हे एकवीस मैल माल बैलगाडीने जायचा.

जीआयपीमध्ये एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर होता. १८५७ चा जन्म, १८८२ मध्ये भारतात आलेला. त्याच्या डोक्यात हे एकवीस मैल बसले. त्याने नोकरी सोडली आणि या लाईनसाठी कंपनी काढायच्या मागे लागला. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. मधली बरीच वर्षं परवानग्या आणि भांडवल यांच्यात गेली. हा भाग आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. प्रोजेक्ट अप्रूव्हल म्हटलं की पुरे.

गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पण काल्थ्रॉपचं खरं डोकं गेजमध्ये नाही, वजनात दिसतं. त्या काळी नॅरो गेज म्हणजे मोठ्या रेल्वेची गरीब, लुटुपुटूची नक्कल असं मानलं जायचं. त्याने प्रश्न उलटा मांडला. रूळ किती हलका असला तर लाईन परवडेल? उत्तर आलं, यार्डाला तीस पौंड. म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. (आज आपल्या मेन लाईनचा रूळ मीटरला साठ किलो असतो, यावरून अंदाज घ्या.) मग या रुळावर एका ॲक्सलचं किती वजन चालेल? पाच टन. झालं, इथून पुढे सगळं डिझाईन या एका आकड्याभोवती. इंजिन असो, डबा असो की मालाची वॅगन, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. पण मालवाहू गाड्यांनी तरी त्या पाच टनांचा पुरेपूर फायदा घ्यायचा. एका ठिकाणी रूळ चिरडतोय आणि दुसरीकडे ताकद वाया जातेय, असं होता कामा नये.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच भिडावं. सिस्टीमचा सगळ्यात कमकुवत भाग कोणता ते आधी ठरवायचं आणि बाकी सगळं त्याच्या मापाने कापायचं. आपण बऱ्याचदा उलटं करतो आणि मग रात्री दोन वाजता सर्व्हरशेजारी बसतो.

आता पाच टनांच्या मर्यादेत दमदार इंजिन कसं करायचं? चाकं वाढवायची. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी केलेली पहिली इंजिनं ०-८-४ टँक प्रकारची होती. म्हणजे पुढे आधाराचं चाक नाही, मधे एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं आणि मागे चार चाकांची बोगी. जोडलेले चार ॲक्सल म्हणजे वीस टनांपर्यंतचं वजन ओढायच्या कामाला. सहाही ॲक्सल पूर्ण भरले तरी इंजिन तीस टनांच्या आत. डबे आणि वॅगन लीड्स फोर्जच्या दाबीव पोलादी पत्र्याच्या, वजनाला हलक्या आणि भक्कम. हे सगळं भारतात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकून, वळणं आणि चढ करून, लोकांना बोलावून दाखवलं गेलं. प्रॉडक्शनमध्ये टाकण्याआधी स्टेजिंगवर डेमो. १८९७ साली!

पुढे ही लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण दोनशे मैलांच्या वर. निजामाच्या राज्यातून लातूरचं धान्य आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी, असा हिचा धंदा. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. काल्थ्रॉप तोवर कधीच गेला होता, १९२७ मध्ये. शेवटच्या काळात त्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. अरबी घोडेही पाळायचा. असो, त्याच्यावर वेगळा लेख होईल.

आता मॉडेलकडे येऊ.

बार्शी लाईटचं एक धाकटं भावंड इंग्लंडमध्ये होतं. स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे, १९०४ मध्ये सुरू झालेली. गेज तेच, अडीच फूट. इंजिनिअर तोच, काल्थ्रॉप. इंजिनं बनवणारे तेच, किटसन. दोन इंजिनं, २-६-४ प्रकारची, आणि त्यातल्या एकाचं नावच 'ई. आर. काल्थ्रॉप'. इंग्लंडच्या हिरव्या दरीत चालणाऱ्या या इंजिनांच्या कपाळावर अवाढव्य हेडलाईट होते, अगदी आपल्याकडे शोभावेत असे. ही रेल्वे चालली फक्त तीस वर्षं. १९३४ मध्ये बंद पडली आणि इंजिनं भंगारात गेली. मूळ इंजिन आज एकही नाही.

आणि तरीही ब्रिटनमधल्या नॅरो गेज मॉडेलवाल्याला ते इंजिन कसं दिसायचं हे पाठ असतं. कारण हौशी लोकांनी फोटो जमवले, आराखडे काढले, त्यांवरून पितळी पत्र्याची किट निघाली आणि घराघरांत ते इंजिन डिंक-सोल्डर-रंग करून पुन्हा उभं राहिलं. आठ-नऊ मैलांच्या लाईनची ही गत. आपली दोनशे मैलांची, शंभरहून जास्त वर्षं चाललेली बार्शी लाईट मात्र तुम्हाला जगातल्या कुठल्याही दुकानात खोक्यात मिळत नाही. दार्जिलिंगचं इंजिन मिळतं, कारण तिथे पर्यटक गेले. बार्शीला कोण जाणार? मला हे टोचतं, खरं सांगतो.

म्हणून मॉडेल म्हणजे खेळणं, हे मला पटत नाही. खेळणं म्हणून सुरू झालं हे खरं. फ्रँक हॉर्नबीने मेकॅनोच्या कारखान्यात १९२० मध्ये चावीच्या रेल्वे काढल्या. १९३८ मध्ये विजेवर चालणारी छोटी 'हॉर्नबी डब्लो' आली, पन्नासच्या दशकात प्लॅस्टिकची ट्राय-अँग आली आणि १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी मेकॅनोच गिळली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम ज्यांनी बघितलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. दिवे मंद होतात, गाड्या सुटतात आणि चाळिशीतले बाप मुलांना पुढे करायचं विसरतात.

माझ्याकडे साठच्या दशकातलं एक ट्राय-अँगचं इंजिन आहे. जुन्या इंजिनाचं काम मी त्याच्यावरच शिकलो, आणि त्यातून बार्शी जास्त कळली. ते कसं, ते सांगतो.

बॉडी एका स्क्रूवर आणि एका खाचेवर बसलेली असते. ती काढली की उघडी मोटर दिसते. एक चुंबक, तीन पोलचं आर्मेचर, दोन कार्बन ब्रश आणि ते दाबून धरणारी एक स्प्रिंग. चुंबकातून आर्मेचर उगाच बाहेर काढायचं नाही. या जुन्या चुंबकांचा जोर तेवढ्यानेही कमी होतो. चुंबक कमजोर झालं की मोटर करंट जास्त खाते, गरम होते, पण ओढत नाही. कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांमधल्या फटीत साठ वर्षांची कार्बनची काजळी बसलेली असते. ती दात कोरायच्या काडीने काढायची आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची. सॅंडपेपर नको. मग बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने. एक म्हणजे एकच. जास्तीचं तेल कम्युटेटरवर जातं आणि पुन्हा पहिल्यापासून रामायण.

त्याहून जुन्या इंजिनांना एक असाध्य रोग असतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामात शिसं वगैरेची भेसळ राहिली, तर पुढच्या काही दशकांत तो धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. त्याला औषध नाही. नवा सुटा भाग घालायचा, एवढंच. कारखान्यातल्या एका माणसाने कधीतरी भंगार शिसं चुकीच्या भांड्यात टाकलं, आणि त्याचा हिशोब तुमच्या टेबलावर चुकता होतो.

पण सगळ्यात शिकवणारा भाग म्हणजे चाकं परत बसवणं. खऱ्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी नव्वद अंशांत असतात, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला अडकला तरी दुसरी बाजू ढकलू शकते. मॉडेलला ढकलते ती मोटर, तरी दांड्या नीट फिरण्यासाठी कोन तोच ठेवावा लागतो. सगळ्या ॲक्सलवर हा कोन अगदी सारखा पाहिजे. एका ॲक्सलला तो दोन-तीन अंश चुकला की दांड्या अडतात आणि इंजिन लंगडत चालतं. तीन ॲक्सल जुळवताना माझी एक अख्खी शनिवारची संध्याकाळ जाते. बार्शीच्या इंजिनाला चार होते, आणि पाच टन भाराखाली, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यात पत्र्याखाली ते जुळवणारे फिटर होते. हे हाताला कळल्यावर मला त्या लाईनकडे बघताना पेरूच्या गोष्टी कमी आठवतात आणि ते फिटर जास्त.

अजून एक गंमत. मोठ्या इंजिनाचं छोटं मॉडेल केलं की लांबी प्रमाणात कमी होते, पण वजन घनाच्या हिशोबाने पडतं. तीस टनांचं बार्शी इंजिन एक-सत्त्याऐंशी स्केलला करा. सत्त्याऐंशीचा घन साडेसहा लाखांच्या वर. म्हणजे इंजिन भरेल जेमतेम पंचेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅम! इतकं हलकं इंजिन रुळावर चाकं गरगरा फिरवत जागेवरच उभं राहतं आणि रुळातून वीजही नीट घेत नाही. म्हणून मॉडेलवाला बॉयलरमध्ये, टाक्यांत, जिथे फट मिळेल तिथे शिसं कोंबतो, आणि तेही जोडलेल्या चाकांच्या बरोबर वर, नाहीतर इंजिन मागे बसतं. काल्थ्रॉपने आयुष्यभर वजन वाटून कमी केलं, आम्ही वजन वाटून वाढवतो. वाटणीचं गणित मात्र तेच.

मग बार्शी करायची कशी? गणित असं आहे. ७६२ मिलिमीटरला ४५ ने भागलं की १६.९ मिलिमीटर येतात. ट्राय-अँगसारख्या सर्रास मिळणाऱ्या मॉडेलचा रूळ १६.५ चा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. म्हणजे एक-पंचेचाळीस स्केलची बार्शीची बॉडी जुन्या, दुरुस्त केलेल्या चॅसीवर बसू शकते. युरोपातले नॅरो गेजवाले हीच युक्ती कित्येक वर्षं वापरतात. बॉडी थ्रीडी प्रिंट करता येते, पितळी पत्र्यात कापता येते, आणि या स्केलला इंजिन तळहाताएवढं होतं, त्यामुळे शिसं भरायलाही भरपूर जागा मिळते.

अडचण चाकांची आहे. बाजारात सहा जोडलेल्या चाकांच्या जुन्या चॅसी ढीगभर मिळतात. आठची शोधावी लागते, आणि ती मिळाली तरी घरातल्या टेबलावरच्या तीव्र वळणावर एवढा लांब, ताठ सांगाडा अडतो. त्यावरचा इलाज खऱ्या रेल्वेवाल्यांनीच कधीचा काढून ठेवलाय. मधल्या चाकांच्या कडा काढून टाकायच्या, म्हणजे ती नुसती रुळावर टेकून चालतात आणि वळणावर बाजूला सरकतात. सध्या माझ्याकडे दोन चॅसी सुट्या करून डब्यात ठेवल्यात, एकातले तीन ॲक्सल आणि दुसऱ्यातला एक. पुढच्या शनिवारी चारही क्रँक एका कोनात आणायचे आहेत.