सांगणं आपलं, ऐकणं त्याचं



मांजरीकर मंडळी, तुकोबांची पालखी आपल्या शिवेजवळून सोलापूर रस्त्यानं लोणीला जाते. त्याच अंगाला पुढं थेऊर, चिंतामणीचं स्थान. तिथंच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. वय अवघं सत्तावीस. आज त्यांच्या न्यायाधीशांची, रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण काढू.

माधवराव मोठे भाविक. अशी कथा सांगतात की, एकदा रामशास्त्री कामासाठी वाड्यात गेले, तर श्रीमंत जपाला बसलेले. काम खोळंबलं. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जायची रजाच मागितली. कारण विचारलं, तर म्हणाले, जपच करायचा तर दोघेही गंगातीरी जाऊन बसू. पण गादीवर बसायचं असेल, तर रयतेचं गाऱ्हाणं ऐकणं हीच तुमची पूजा. माधवरावांनी ते मानलं. धनी समजूतदार, म्हणून सल्ला फळाला आला.

आता दुसरी बाजू बघा. माधवरावांमागं धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. वर्षही पुरं झालं नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना मारलं. चुलते राघोबादादा पेशवे झाले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली. बोट दादांकडंच वळलं. दादांनी प्रायश्चित्त विचारलं. शास्त्र्यांनी तोंडावर सांगितलं, देहांत प्रायश्चित्त. दुसरं नाही.

थांबा इथं जरा. ज्याच्या हाती सत्ता, त्याला हे सांगायचं! दादांनी मानलं का? नाही. मग शास्त्र्यांनी काय केलं? शब्द मवाळ केला नाही. त्या कारभारात वाटेकरीही झाले नाहीत. पद सोडलं, पुणं सोडलं, वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. विदुराचं आठवतं ना? दुर्योधनानं दासीपुत्र म्हणून हिणवलं, तेव्हा धनुष्य दाराशी ठेवून तो तीर्थयात्रेला निघाला.

आणि आपण काय करतो? पोराला म्हणतो, बाबा रे, वाडवडलांची जमीन विकू नको. तो विकतो. मग आपण रुसतो, सहा महिने बोलत नाही. नाहीतर पैशात वाटा घेऊन गप्प बसतो. आणि त्याला ठेच लागली की मनात कुठंतरी बरं वाटतं. माउली, खरं पाप तिथं आहे! आपल्या सांगण्यात त्याचं हित कमी नि आपला मोठेपणा जास्त होता, हे तेव्हा उघडं पडतं.

शास्त्रीबुवांचं पुढचं ऐका. बारभाईंनी कारभार हाती घेतला. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला. इकडं शास्त्रीबुवांना परत बोलावणं आलं. ज्या पुण्यात आपला शब्द धुडकावला गेला, त्याच पुण्यात येऊन ते पुन्हा न्यायाला बसले. मनात आढी धरली नाही.

पेरणं आपल्या हाती, पाऊस विठोबाच्या हाती. तेव्हा खरं ते एकदा तोंडावर सांगा. नाही ऐकलं, तर त्या चुकीत भागीदार होऊ नका, पण रात्री त्याच पोरासाठी विठोबाला हात जोडा. आणि दाराची कडी काढून ठेवा. तो परत येईल तेव्हा पहिला शब्द 'मी सांगितलं होतं' हा नको. 'जेवलास का?' हा असू द्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!