घाटपायथ्याचे मुक्काम : कर्जत-खालापूरच्या प्रवासाचा इतिहास

माथेरान, महडचा वरदविनायक, कोंढाण्याची लेणी आणि पावसाळी धबधबे यांमुळे कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके आज पर्यटनाचा प्रदेश म्हणून ओळखले जातात. परंतु या प्रदेशाचा इतिहास पाहता येथे प्रवासी येऊ लागले ते निसर्ग पाहण्यासाठी नव्हे, तर घाट ओलांडण्यासाठी. उत्तर कोकणातील बंदरांकडून देशावर, म्हणजे घाटमाथ्यापलीकडील पठारी मुलखात, जाणाऱ्या वाटा येथूनच चढत असल्याने पायथ्याशी जनावरे बदलणे, ओझी वाटून घेणे आणि रात्र काढणे भाग पडे. या भागातील अनेक स्थळे अशा सक्तीच्या मुक्कामांच्या आधाराने घडली आहेत.

राजमाचीच्या पायथ्याचे कोंढाणे हे त्याचे जुने उदाहरण होय. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या बौद्ध लेण्यात चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आणि विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, असे दोन्ही भाग असून, कण्हाचा अंतेवासी (शिष्य) बलक याचा उल्लेख करणारा ब्राह्मी लेखही तेथे आहे. व्यापारी वाटांच्या जवळ, परंतु वस्तीपासून थोडे दूर विहार कोरण्याची पश्चिम भारतातील रीत येथेही दिसते.

या वाटांचे लष्करी मोलही मोठे होते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाच्या नेतृत्वाखाली घाट उतरून आलेली मोगल फौज खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने कोंडली, तेव्हा अरुंद वाट आणि दाट जंगल हेच निर्णायक ठरले. पेशवाईत मात्र याच मुलखाला वाटसरूंच्या सोयीचे रूप येऊ लागले. बोरघाटाच्या तोंडाशी खोपोली येथे नाना फडणवीसांनी बांधलेला प्रशस्त तलाव आणि त्याकाठचे महादेवाचे देऊळ यांमुळे चढणीपूर्वी पाणी, सावली आणि देवदर्शन एकाच ठिकाणी मिळू लागले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पूर्वी बैलांच्या पाठीवरून जाणारा माल चाकांवर आला.

लोहमार्गाने आरंभी हा मुक्काम मोडला नाही, उलट काही वर्षे तो अधिकच गजबजवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि वरच्या बाजूस खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र रुळांविना राहिल्यामुळे प्रवाशांना खोपोलीला गाडी सोडून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साहाय्याने खंडाळा गाठावा लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार पंचवीस बोगद्यांचा घाटमार्ग खोदला जात असताना १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. साथीचे रोग आणि अपघात यांत हजारो मजूर दगावलेले हे काम १८६३ मध्ये पूर्ण होताच खोपोली मुख्य मार्गावरून बाजूला पडून एका फाट्याचे शेवटचे स्थानक उरली, तर घाट चढण्यासाठी जादा इंजिन जोडण्याचे ठिकाण म्हणून महत्त्व कर्जतकडे गेले. इंजिन जोडेपर्यंत थांबणाऱ्या गाड्यांमुळेच कर्जतचा बटाटेवडा प्रवाशांच्या ओळखीचा झाला.

माथेरानचा उदयही याच वाटेवर झाला. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पनवेल-खोपोली रस्त्यावरील चौक येथे मुक्कामाला असताना डोंगरावर चढला आणि त्याने तेथे पुढे घर बांधले. ठाकूर, कातकरी व धनगर यांना हा डोंगर आधीपासून परिचित असल्याने मॅलेटचे श्रेय शोधाचे नसून, गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि मुंबईच्या श्रीमंतांची हवापालटाची जागा म्हणून तो पुढे आणण्याचे आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी सुमारे सोळा लाख रुपये खर्चून उभारलेली, दोन फुटी रुळांवर धावणारी नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा घोडा किंवा पालखी न परवडणाऱ्या मध्यमवर्गालाही हा डोंगर आवाक्यात आला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतर खालापुरात थांबण्याची गरज बहुतेक प्रवाशांना उरली नाही आणि आता मुक्काम होतो तो मुद्दाम ठरवून, शेतघरांत आणि रिसॉर्टांत. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या माथेरानात मात्र मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यावर वाहन सोडावेच लागते, आणि घोडेवाले, हमाल व हातरिक्षा ओढणारे यांची उपजीविका या सक्तीच्या बदलावर उभी राहिली. म्हणूनच तेथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ई-रिक्षांच्या प्रयोगाकडे केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. १८६३ मध्ये रूळ जोडले गेले तेव्हा खोपोली-खंडाळा टप्प्यावरील भोई आणि गाडीवान यांचे काम एकाएकी आटले. प्रवास सुकर करताना मुक्कामावर जगणाऱ्यांना नव्या व्यवस्थेत जागा द्यायची की नाही, हा निर्णय त्या वेळी कोणी घेतलाच नव्हता, माथेरानात तो अजून घेता येण्याजोगा आहे.