चिनी खानावळ आणि तिचे यजमान

संध्याकाळ झाली कीं वर्ध्याच्या रस्त्यांवर हातगाड्यांच्या शेगड्या पेटतात आणि खोल कढईंत नूडल्स परतले जाऊं लागतात. पाटीवर ‘चायनीज’ असें लिहिलेलें असतें. परंतु शिजविणारा इथला आणि खाणाराहि इथलाच. ज्यांनीं हें अन्न या देशांत आणिलें, त्यांचा वृत्तांत मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

त्याचा आरंभ बंगालमध्यें झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अच्यू नांवाच्या चिनी गृहस्थानें वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठीं जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्याच्याच नांवावरून त्या गांवास अछिपूर म्हणतात. पुढें कलकत्त्यास सुतार, चामडें कमावणारे, दंतवैद्य असे अनेक चिनी लोक येऊन राहिले. मुंबईंत माझगांवास त्यांची वस्ती झाली. क्वान कुंग या देवतेचें १९१९ सालचें देऊळ तिची साक्ष देतें.

घरदार मागें ठेवून आलेल्या या माणसांस आपल्या मुलखाचें जेवण हवें असे. त्यांतूनच चिनी खानावळी निघाल्या. नवऱ्यानें चूल सांभाळावी, बायकोनें हिशेब ठेवावा, मुलांनीं वाढावें, अशी ही रीत होती. कलकत्त्याचें ‘ओ च्यू’ एकाच कुटुंबानें पिढ्यान्‌पिढ्या चालविलें; मुंबईंत लिंग कुटुंबानें कुलाब्यास आधीं ‘नानकिंग’ व मागाहून ‘लिंग्ज पॅव्हिलियन’ चालविलें.

१९६२ च्या ऑक्टोबरांत चीनशीं युद्ध जुंपलें, आणि जन्मानें येथल्या असलेल्या चिनी कुटुंबांवरहि संशय आला. विशेषतः आसाम व बंगालमधील सुमारें ३००० माणसें, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवली येथील छावणींत नेण्यांत आलीं. वर्धा जिल्ह्यांतील देवळी हें गांव निराळें. युद्ध महिन्याभरांत थांबलें, तरी कांहींची सुटका व्हावयास १९६७ साल उजाडलें. अनेक कुटुंबें देश सोडून गेलीं.

जीं राहिलीं, त्यांनीं चूल विझूं दिली नाहीं. कलकत्त्यास जन्मलेले नेल्सन वँग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत आलें, लसूण व हिरवी मिरची यांस गरम मसाल्याऐवजीं सोया सॉसची जोड देऊन ‘मांचूरियन’ सिद्ध केलें. मांचूरिया प्रांतास हा पदार्थ ठाऊकहि नव्हता. वर्ध्याच्या गाडीवर आज जें विकलें जातें, तें याच पाकाचें वंशज होय. पाहुण्याचें अन्न या देशानें इतकें आपलेंसें केलें; पाहुण्यास मात्र एका युद्धाच्या दिवसांत परका ठरविलें.