हमालाची पाठ आणि भुईकाटा

नाशिक जिल्ह्याच्या कांद्याचा इतिहास सांगताना शेतकऱ्याचे नाव येते, व्यापाऱ्याचे येते. हमाल आणि मापारी मात्र बहुधा वगळले जातात. आज आम्ही त्यांच्या बाजूने हा इतिहास पाहणार आहोत. बाजारात यंत्र आले म्हणजे काय बदलते, हे त्यांच्या मजुरीत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. त्या काळी माल बैलगाडीने येई, पाठीवरून उतरे आणि थोडाथोडा करून काट्यावर चढे. उतरविणाऱ्याची ती हमाली, तोलणाऱ्याची ती तोलाई. ही रक्कम शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापली जाई. जितके ओझे तितके पैसे. पाठ धरली की त्या दिवसाची भाकर बुडाली. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. हमालाला कायमचा मालक असा कोणी नव्हताच.

ही उणीव ओळखून पुण्यात बाबा आढाव यांनी आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी हमालांच्या संघटना उभ्या केल्या. त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने टोळीला मजुरी द्यावी व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय करावी, अशी ती योजना होय. मालक बदलला तरी हक्क बदलू नये, हे तिचे मर्म.

पुढे बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला. कांद्याचा लिलाव वाहनातच होऊ लागला, भरलेली ट्रॉली इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर उभी राहू लागली, आणि हायड्रॉलिक ट्रॉली तर व्यापाऱ्याच्या खळ्यावर आपणच रिकामी होऊ लागली. तेव्हा शेतकरी विचारू लागला, “उचलले कोणी? तोलले कोणी? मग पैसे कशाचे?” २०२४ च्या एप्रिलात हा प्रश्न विकोपास गेला. हमाली-तोलाई पट्टीतून कापणार नाही, अशी भूमिका व्यापाऱ्यांनी घेतली. माथाडी कामगारांनी ती मानली नाही. आणि जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव काही दिवस बंद पडले.

शेतकऱ्याचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. न झालेल्या कामाचे पैसे त्याने का द्यावेत? ओझे माणसाच्या पाठीवरून उतरले, हेही इष्टच झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. परंतु १९६९ च्या कायद्याने हमालाचे म्हातारपण त्याच ओझ्याला बांधून ठेवले होते. ओझे गेले की मजुरी जाते, मजुरी गेली की लेव्ही जाते, आणि पाठ मोडलेला माणूस पुन्हा १९६९ च्या आधीच्या जागी येऊन उभा राहतो. खळ्यावर कांदा निवडणारे, गोण्या भरून ट्रकवर चढविणारे हात तर अजून माणसांचेच आहेत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की हमालाची सुरक्षा ओझ्यावरून सोडवून बाजाराच्या उलाढालीला बांधावी. बाजार फी प्रत्येक सौद्यावर घेतली जाते, मग माल कोणत्याही काट्यावर तोलला जावो. भुईकाट्याने वाचविलेल्या पैशांत, ज्याच्या पाठीवर हा बाजार उभा राहिला त्याचाही वाटा आहे.