दोष वयाचा की काळाचा?

सत्तरीच्या आजोबांना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत. नातवाला ते सहज जमते. यावरून ‘वय झाले की नवे शिकता येत नाही’ असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. तो बरोबर आहे का?

समजा, पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी कर्जत व खालापूर तालुक्यांतील वृद्धांच्या डिजिटल साक्षरतेचा अभ्यास करते आहे. तिने एकाच वर्षी वीस, चाळीस आणि सत्तर वर्षांच्या माणसांची चाचणी घेतली, तर वयाबरोबर गुण उतरत गेलेले दिसतील. पण या गटांत फरक केवळ वयाचा नाही, जन्मकाळाचाही आहे. आणि एकाच चाचणीत हे दोन्ही परिणाम वेगळे करता येत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिॲटल येथे पाहणी सुरू केली व दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासले. तेव्हा असे आढळले, की वयाचा म्हणून समजलेला बराचसा फरक मुळात पिढ्यांमधला होता.

म्हणून अशा संशोधनात चाचणीच्या जोडीला इतिहासही लागतो. १९५१ साली जन्मलेल्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांमध्ये तर जेमतेम ९ टक्के. तिचा तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले १९८१ मध्ये. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालीच सुरू झाले होते, पण ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. घाटाखालच्या कित्येक वाड्यांत दिवा लागायला पुढे अनेक दशके जावी लागली. १९९५ मध्ये भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा या बाई ४४ वर्षांच्या होत्या.

संगणक कर्जतच्या खेड्यात आलाच नाही असे नाही. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या अमेरिकेतून निघालेल्या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली याच तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. योजना मुलांसाठी होती. आजीच्या हाती यंत्र द्यावे, हा तिचा हेतूच नव्हता. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांतून प्रत्येकी एकाला डिजिटल साक्षर करण्याची मोहीम काढली. तिची वयोमर्यादा होती १४ ते ६०. २०२४ मध्ये ती संपली. आपल्या बाईंनी साठी २०११ सालीच ओलांडली होती.

दरम्यान व्यवहार मात्र बदलले. निवृत्तिवेतनधारकांसाठी हयातीचा डिजिटल दाखला २०१४ मध्ये आला, मोबाईलवरून पैसे पाठवण्याची यूपीआय सोय २०१६ मध्ये. ज्याला हे जमत नाही, त्याला आपला गुप्त क्रमांक दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो. प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, स्वतःच्या पैशावरील ताब्याचा आहे.

उतारवयात नजर मंदावते, बोटे थरथरतात, शिकायला वेळ अधिक लागतो, हे खरेच. पण वेळ लागणे वेगळे आणि न येणे वेगळे. शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे येथे २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या स्त्रिया पाटी घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांना प्रवेश आहे, वरची मर्यादा नाही, आणि डिजिटल साक्षरतेचाही त्यात समावेश आहे. चूक उशिरा का होईना सुधारली, असे म्हणता येईल.

शिक्षकांनी वर्गात एक उपक्रम करून पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीची कालरेषा काढावी: जन्म, शाळा सुटली ते वर्ष, घरात वीज, पहिला दूरध्वनी, पहिला मोबाईल. प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळचे वय लिहावे. मग वर्गाला विचारावे: यांना येत नाही, की यांना कोणी शिकवलेच नाही?